त्रैमासिकाचा हिशेब

कोल्हापुरातून निघणाऱ्या एका मराठी संशोधनपर त्रैमासिकाची कार्यकारी संपादक म्हणून मी काही वर्षे काम पाहते आहे. इतिहास, समाजशास्त्र आणि साहित्य या विषयांवरचे लेख आम्ही प्रसिद्ध करतो. आमच्या लेखकांत महाविद्यालयांतले प्राध्यापक असतात, तसेच संस्थानकालीन कागद वाचण्यात उमेदीची वर्षे घालवलेले निवृत्त शिक्षक आणि वकीलही असतात. या काळात त्रैमासिक छापील अंकाकडून ऑनलाइन आवृत्तीकडे वळले. तंत्रज्ञानामुळे संशोधनाचे प्रकाशन स्वस्त झाले, असे चर्चासत्रांतून सर्रास सांगितले जाते. आमच्या जमाखर्चाच्या वहीवरून मला तसे म्हणता येत नाही. छपाईचा आणि टपालाचा खर्च घटला हे खरे, पण त्याच्या जागी जो खर्च आला तो कुठल्या बिलावर दिसत नाही आणि तो कोणी सोसायचा हेही धड ठरलेले नाही. हे कसे घडत गेले ते येथे नोंदवते.

आमच्या उत्पन्नाचा पाया वर्गणीचा, आणि त्यातही आजीव वर्गणीदारांचा. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत काही शे रुपये एकरकमी घेऊन संस्थेने लोकांना आयुष्यभर अंक पाठवण्याचे वचन दिले. ती रक्कम मुदत ठेवीत ठेवायची आणि व्याजातून अंक काढायचा, असा त्यामागचा हिशेब होता आणि व्याजदर दोन आकडी होते तोवर तो बरोबरही होता. पुढे व्याज उतरले, कागद चढला, आणि आमचे वर्गणीदार, त्यांना उदंड आयुष्य लाभो, अंक मिळाला नाही तर आजही हक्काने पत्र पाठवतात. ग्रंथालयांचे आजीव सभासदत्व तर संपण्याचा प्रश्नच नाही. नवे वर्गणीदार मिळेनासे झाले तशी छपाईची संख्या कमी करावी लागली, आणि संख्या कमी केल्याने खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही, हे आम्हाला शाहूपुरीतल्या आमच्या मुद्रकांनी एका वाक्यात समजावले: “मॅडम, पाचशे छापा न्हाईतर हजार छापा, प्लेटा तेवढ्याच लागत्यात.” ऑफसेटमध्ये अक्षरजुळणी, प्लेट आणि यंत्र लावणे यांचा खर्च पहिली चांगली प्रत बाहेर पडण्याआधीच होऊन गेलेला असतो; तो थोड्या प्रतींवर वाटला की प्रत महाग होते, प्रत महाग झाली की वर्गणी वाढवावी लागते, आणि वर्गणी वाढली की आणखी काही जण गळतात.

कागदाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. करोनानंतरच्या काळात मॅपलिथो या छपाईच्या कागदाचे भाव असे चढले की मुद्रक दरपत्रकावर ‘आठ दिवसांपुरते’ असा शेरा मारू लागले. २२ सप्टेंबर २०२५ पासून छपाईच्या कागदावरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. त्रैमासिकाच्या विक्रीवर कर नाही; तेव्हा कागदावर भरलेल्या कराची वजावट घेण्याची सोय आमच्यासारख्यांना नाही, तो सरळ खर्चात जातो. टपालाचे तसेच. छापील पुस्तकांसाठीची सवलतीची नोंदणीकृत सेवा टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली. संस्थेची पुस्तके आम्ही तिनेच पाठवत असू. १ मे २०२५ रोजी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये असा तिचा दर आहे आणि तो वाजवी आहे. पण ठरावीक काळाने निघणारी प्रकाशने तिच्यातून वगळलेली असल्याने त्रैमासिकाला तिचा उपयोग नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. साध्या बुकपोस्टाने पाठवलेला अंक गहाळ झाला की तो पुन्हा पाठवायचा, म्हणजे एकाच वर्गणीवर दोन अंक आणि दोन वेळचे टपाल.

एवढे असूनही ऑनलाइन जाण्याचा निर्णय खर्चामुळे झाला नाही. तो एका तोतया संकेतस्थळामुळे झाला.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या अखेरीस ‘केअर’ ही व्यवस्था जाहीर केली आणि २०१९ मध्ये, नेमणुका-बढत्यांसाठी ज्यांतले लेख धरले जातात अशा मान्य नियतकालिकांची यादी आली. त्याआधीची यादी इतकी सैल होती की मे २०१८ मध्ये आयोगाला तिच्यातून ४,३०५ नियतकालिके एकदम काढून टाकावी लागली होती. नव्या यादीत आमच्या त्रैमासिकाचे नाव होते. त्यानंतर काही महिन्यांनी मराठवाड्यातल्या एका सहायक प्राध्यापकांचा दूरध्वनी आला. त्यांचा लेख कोणत्या अंकात येणार आणि भरलेल्या पैशांची पावती केव्हा मिळणार, असे ते विचारत होते. आम्ही लेखकांकडून पैसे घेत नाही, हे सांगितल्यावर त्यांनी ज्या संकेतस्थळाचा पत्ता पाठवला तेथे आमच्या त्रैमासिकाचे नाव, आमचा आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, आमच्या एका जुन्या अंकाच्या मुखपृष्ठाचे छायाचित्र आणि संपादक मंडळाची नावे होती, आणि आठवड्याभरात लेख प्रसिद्ध करून देण्याची हमी होती. ज्या नियतकालिकांना स्वतःचे संकेतस्थळ नाही अशी छापील, प्रादेशिक भाषांतली नियतकालिके हेरून त्यांच्या नावाने दुकान थाटण्याचा हा धंदा तेव्हा देशभर चालला होता, आणि अशा नकली नियतकालिकांबाबत केअरच्या संकेतस्थळालाही सावधगिरीच्या सूचना द्याव्या लागल्या. आम्ही पोलिसांत तक्रार दिली. ते संकेतस्थळ काही काळ बंद पडले आणि दुसऱ्या पत्त्यावर पुन्हा उघडले. खरी अडचण अशी की इंटरनेटवर आमचे अस्तित्वच नसल्यामुळे शोधणाऱ्याला फक्त तोतया सापडत होता.

संपादक मंडळाच्या बैठकीत मग ऑनलाइन आवृत्तीचा ठराव फारशी चर्चा न होता मंजूर झाला. काम कोणी करायचे हे ठरायला मात्र वेळ लागला.

संकेतस्थळ उभारण्याचे काम सगळ्यांत अवघड असेल असे वाटले होते. ते सगळ्यांत सोपे निघाले. ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ ही प्रणाली जगभरातली हजारो नियतकालिके वापरतात. जॉन विलिन्स्की यांनी १९९८ मध्ये कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात सुरू केलेल्या ‘पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट’ने ती तयार केली आणि ती विनामूल्य आहे. लेख आला, परीक्षकाकडे गेला, दुरुस्त होऊन परत आला, अंकात लागला, हे सारे तिच्यात नोंदले जाते. सर्व्हरचे वार्षिक भाडे एखाद्या अंकाच्या टपालखर्चाहून कमी होते. फुकटातही एक मेख असते ती अशी की प्रणालीची नवी आवृत्ती आली की ती चढवावी लागते, नाहीतर सुरक्षेचे प्रश्न येतात. राखीव प्रत काढून ठेवावी लागते. खोट्या नावांनी नोंदणी करणारे यंत्रवत पाहुणे रोज हाकलावे लागतात. पुण्यात नोकरी करणारी आमची एक माजी विद्यार्थिनी हे काम सुटीच्या दिवशी, मोबदला न घेता करते. ती कंटाळली की काय करायचे याचे उत्तर संस्थेकडे नाही. ऑनलाइन आवृत्तीसाठी आयएसएसएन वेगळा घ्यावा लागतो. तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून विनाशुल्क मिळाला.

सगळा वेळ खाल्ला तो अक्षरांनी. आमचा मजकूर दोन दशकांहून अधिक काळ पेजमेकर या पानजुळणीच्या प्रणालीत श्री-लिपीच्या फाँटमध्ये जुळवला जात असे. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली, तरी मराठी डीटीपीच्या दुकानांत तो परवापरवापर्यंत चालत होता आणि काही ठिकाणी अजून चालतो. या जुन्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. कागदावर उत्तम मराठी उमटते, परंतु संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर म्हणजे रोमन अक्षरांची अर्थहीन रांग असते. तशा फाइलची पीडीएफ करून इंटरनेटवर ठेवली तर माणसाला ती वाचता येते, पण गूगल स्कॉलर या संशोधनपर लेख शोधणाऱ्या यंत्रणेला तिच्यात एकही मराठी शब्द दिसत नाही. शोधता न येणारा लेख ऑनलाइन ठेवला काय आणि कपाटात ठेवला काय, फरक पडत नाही. म्हणून सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आणणे भाग होते.

त्यासाठी परिवर्तक मिळतात आणि ते बहुतांश काम करतात. उरलेल्या भागात संपादकाचे दिवस जातात. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होते, युनिकोडमध्ये ती नंतर यावी लागते. रफाराचे याच्या उलट आहे. जोडाक्षर लांबले की वेलांटी चुकीच्या व्यंजनावर जाऊन बसते. ‘दुसऱ्या’, ‘सातबाऱ्याचा’ यांसारख्या शब्दांतला अर्धा र वेगवेगळ्या प्रकारे नोंदता येतो आणि दिसायला सारखा असला तरी शोधताना एक सापडतो, दुसरा सापडत नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले, त्यामुळे त्याच्या जागी तीन तऱ्हा सापडतात. हे सगळे तरी आधुनिक मराठीचे झाले. आमचे बरेच लेख संस्थानी कागदपत्रांवर असतात आणि त्यांतली अवतरणे १९६२ च्या लेखननियमांपूर्वीची, म्हणजे अनुच्चारित अनुस्वारांसह असतात. ‘नाहीं’, ‘कां’, ‘त्यांत’ हे अनुस्वार तेथे पुरावा म्हणून जसेच्या तसे राहायला हवेत. शुद्धलेखन तपासणारे साधन ते मुकाट्याने पुसून टाकते. एका लेखातल्या गुळाच्या जमाखर्चात ‘३।।। मण’ अशी जुन्या पद्धतीची नोंद होती, म्हणजे पावणेचार मण. परिवर्तनानंतर ती ‘३ मण’ झाली, कारण त्या उभ्या रेघा विरामचिन्हे आहेत असे समजून साधनाने त्या गाळल्या. आमच्या मुद्रितशोधक बाईंनी बेरीज जुळेना म्हणून मूळ प्रत मागवली, तेव्हा ते उघडकीस आले. बेरीज करून पाहणारे मुद्रितशोधक आता फार नाहीत, आणि त्यांना आम्ही पानामागे जे मानधन देतो ते सांगायला संकोच वाटावा असे आहे.

छपाईच्या जागी आलेला, बिलावर न दिसणारा खर्च म्हणते तो हा. पूर्वी मुद्रकाचे बिल मोठे असे आणि ते दिसत असे; त्यासाठी देणगी मागता येत असे, कारण देणगीदाराला हातात अंक ठेवता येई. आता वेलांट्या जागेवर आणण्यात, प्रत्येक लेखाची शीर्षके, सारांश, बीजशब्द आणि संदर्भ ठरावीक रकान्यांत मराठी व इंग्रजीत भरण्यात जे तास जातात, त्यांचे बिल कोणी लावत नाही. मोठे प्रकाशक हे काम एक्सएमएल या ठरावीक साच्याच्या संगणकीय स्वरूपात बाहेरून करून घेतात, आणि लेखांची नोंद ठेवणाऱ्या जगभरातल्या सूचींची तशीच अपेक्षा असते. आम्ही पीडीएफ आणि साधे वेबपान एवढ्यावर थांबलो आहोत. जाहिरातींचेही नुकसान झाले, हे कोणी आधी सांगितले नव्हते. दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या अंकाला एखादी सहकारी बँक, एखादा साखर कारखाना पानभर जाहिरात देई आणि त्या एका अंकाचा कागद निघून जाई. संकेतस्थळासाठी जाहिरात मागायला गेल्यावर, तिथे आमचे सभासद कुठे येणार, असा प्रश्न आला. तो रास्तच होता.

डीओआयचा प्रश्न असाच पैशांशी येऊन भिडला. लेखाचा पत्ता बदलला तरी न बदलणारा हा क्रमांक आता लेखकांना हवा असतो, कारण तो नसेल तर लेख कमी प्रतीचा मानला जातो. तो देणाऱ्या ‘क्रॉसरेफ’ या संस्थेची सर्वांत लहान प्रकाशकासाठीची वार्षिक वर्गणी आम्ही चौकशी केली तेव्हा २७५ डॉलर होती, शिवाय प्रत्येक नव्या लेखाला एक डॉलर. युरोपातल्या विद्यापीठाला हा आकडा किरकोळ वाटेल; आमच्या खजिनदारांनी तो रुपयांत करून मंडळापुढे ठेवला तेव्हा क्षणभर कोणी बोलले नाही. २०२३ पासून या संस्थेने गरीब देशांतल्या प्रकाशकांना शुल्क माफ केले आहे. त्या यादीत नेपाळ आणि बांगलादेश आहेत, भारत नाही. देशाची गणना एका रकान्यात होते आणि कोल्हापुरातल्या त्रैमासिकाची वेगळी होऊ शकत नाही, हे समजण्यासारखे आहे. शेवटी ‘झेनोडो’ या सर्न संशोधनकेंद्राच्या विनामूल्य भांडारात आम्ही लेख जमा करू लागलो. तेथे प्रत्येक नोंदीला डीओआय मिळतो. ही पळवाट आहे याची मंडळाला कल्पना आहे, कारण भांडारातली नोंद आणि नियतकालिकाची स्वतःची नोंद यांत सूची करणारे फरक करतात.

याच बैठकीत, लेखकांकडून शुल्क घ्यावे का, हा विषय निघाला आणि त्यावर एकाहून अधिक बैठका खर्ची पडल्या. जगात वारे त्याच दिशेने वाहते आहे. वाचकाकडून पैसे घेण्याऐवजी लेखकाकडून किंवा त्याच्या संस्थेकडून घ्यायचे आणि लेख सर्वांना खुला करायचा, ही पद्धत गेल्या वीस वर्षांत रुळली. ‘नेचर’ने नोव्हेंबर २०२० मध्ये अशा खुल्या लेखासाठी ९,५०० युरो आकार जाहीर केला, तेव्हाच्या दराने आठ लाख रुपयांहून अधिक. आमचे खजिनदार अर्थातच दीड-दोन हजारांबद्दल बोलत होते, आणि त्यांचा मुद्दा असा की तोतया संकेतस्थळाला लोक पैसे देतात तर खऱ्याला का देणार नाहीत. त्याला आमच्या ज्येष्ठ संपादकांनी, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, जे उत्तर दिले ते मला पटले आणि बहुमताने टिकले. ते म्हणाले की ज्यांना लेख छापून येण्याची सर्वाधिक गरज आहे ते तासिका तत्त्वावर शिकवणारे आहेत, त्यांचे मानधन महिनोन्‌महिने थकते. त्यांच्याकडून पैसे घेतले की त्यांचा लेख नाकारण्याचा आपला अधिकार त्याच दिवशी दुबळा होतो, कारण मिळकत नकारातून होत नाही, स्वीकारातून होते. या गणिताचे टोक जगाने पाहिले आहे. ‘वायली’ या प्रकाशनसंस्थेने २०२१ मध्ये ‘हिंदावी’ ही लेखक-शुल्कावर चालणारी कंपनी सुमारे ३० कोटी डॉलरना विकत घेतली आणि एकट्या २०२३ मध्ये तिचे आठ हजारांहून अधिक लेख मागे घ्यावे लागले. विशेषांकांच्या नावाखाली बनावट लेख कारखान्यातल्यासारखे आत शिरले होते.

शुल्क न घेण्याचे ठरल्यावर पैसा दुसरीकडून आणणे आले. आजीव वर्गणीदारांना पत्रे पाठवून अंक ईमेलने चालेल का, असे विचारले. बऱ्याच जणांनी होकार दिला, काहींनी सोबत देणगी पाठवली, आणि काहींनी छापील अंकच हवा असे ठामपणे कळवले, तो त्यांचा हक्क आहे आणि आम्ही तो पाळतो. छापील प्रती आता डिजिटल यंत्रावर मागणीपुरत्या काढतो. त्यात प्रत महाग पडते, पण प्लेट लागत नाही आणि गठ्ठे उरत नाहीत. ग्रंथालयांना चारही अंकांचा एकत्र खंड वर्षअखेर पाठवतो, त्यामुळे टपाल वाचते. एवढ्याने वर्ष जेमतेम निघते.

याच काळात सरकारने संशोधन वाचण्यासाठी मोठा खर्च हाती घेतला. ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, आणि व्यवस्था गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राकडे. शिवाजी विद्यापीठातल्या माझ्या मैत्रिणी आता आपल्या टेबलावरून जे लेख उघडतात ते पूर्वी ओळखीपाळखीतून मागवावे लागत. योजना सरकारी व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. कोल्हापुरातली बहुतेक महाविद्यालये खासगी शिक्षण संस्थांची, त्यामुळे आमच्याकडच्या प्राध्यापकांना आजही विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसावे लागते. योजनेविषयी माझी तक्रार नाही, असलेल्या गोष्टीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. एवढेच लक्षात येते की परदेशी प्रकाशकाचे लेख वाचण्यासाठी देशाच्या तिजोरीतून तरतूद होऊ शकते, आणि भारतीय भाषेत लेख तपासून, सुधारून प्रसिद्ध करण्याच्या कामाचा मात्र कोणत्याच शीर्षाखाली समावेश होत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ हा दिवस मराठी माणसाच्या लक्षात आहे तो मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला म्हणून. त्याच दिवशीच्या बैठकीत आयोगाने केअर यादी बंद करण्याचा निर्णय घेतला, तो बाहेर कळला फेब्रुवारी २०२५ मध्ये. नियतकालिक चांगले की वाईट हे आता संस्थांनी स्वतः काही निकषांवर ठरवायचे आहे. त्याआधी नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी पीएचडीचा प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख छापण्याची सक्तीही काढली होती. या दोन्हींचा परिणाम आमच्या टपालपेटीत स्पष्ट दिसला. यादीत नाव होते तेव्हा लेखांचा ढीग येई आणि त्यातला मोठा भाग आमच्या विषयांशी संबंध नसलेला असे. यादी गेल्यावर ढीग ओसरला आणि उरले ते बहुतेक वाचण्याजोगे होते. सवंग लेख कमी झाल्याचे समाधान वाटते. मात्र जो तरुण प्राध्यापक आमच्याकडे मन लावून लिहितो त्याला मुलाखतीत, हे कुठल्या यादीतले, असे विचारले तर काय दाखवायचे, हे तो आम्हाला विचारतो, आणि त्याला देण्यासारखे पत्र आमच्याकडे नाही.

लेख कमी झाले, पण एकेक लेख तपासण्याचा वेळ वाढला. वाङ्मयचौर्याबाबतच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य धरले जाते आणि ‘शोधशुद्धी’ योजनेतून विद्यापीठांना त्यासाठीचे सॉफ्टवेअर मिळते. मराठीत त्याचा उपयोग मर्यादित आहे, कारण तुलना करण्यासाठी जे जुने मराठी संशोधन समोर हवे ते एकतर छापील आहे किंवा त्याच जुन्या फाँटमध्ये अडकलेले. उलट यंत्राकडून लिहून घेतलेले नव्या धर्तीचे लेख कोणत्याही सॉफ्टवेअरमधून सहज सुटतात. भाषा गुळगुळीत, परिच्छेद सारख्या लांबीचे, एकही शुद्धलेखनाची चूक नाही, आणि तळटीपांत कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातल्या अशा रुमालांचे, म्हणजे कागदांच्या गाठोड्यांचे, क्रमांक, जे तेथे गेलेल्या माणसाला वाचताक्षणी खटकावेत. संपादकीय नीतिमत्तेवर काम करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्येच सांगितले आहे की चॅटजीपीटीसारख्या साधनाला लेखक म्हणता येत नाही, कारण ते लेखाची जबाबदारी घेऊ शकत नाही. आमच्याकडे प्रश्न लेखकपदाचा नव्हता, कागद खरोखर पाहिला आहे का एवढाच होता. म्हणून आम्ही नियम केला की अप्रकाशित कागदाचा हवाला देणाऱ्याने त्याचे छायाचित्र जोडायचे. जे खरे संशोधक आहेत ते आनंदाने जोडतात, आणि त्या छायाचित्रांमुळे मोडीच्या वाचनावर परीक्षकांशी चांगले वादही होतात. बाकीचे पुन्हा पत्र पाठवत नाहीत. मात्र ही छायाचित्रे ताडून पाहणारे, मोडी वाचता येणारे परीक्षक बोटांवर मोजण्याएवढे आहेत, तेही विनामोबदला काम करतात, आणि एकेकाकडे दोन-तीन नियतकालिकांचे लेख पडून असतात.

जुन्या अंकांचे काम अजून चालू आहे. शाहूपुरीतल्या तळमजल्यावरच्या खोलीत ठेवलेले शिल्लक अंक ऑगस्ट २०१९ च्या महापुरात भिजून गेले. काही वर्षांचे अंक आता फक्त विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि काही सभासदांच्या घरी आहेत. तेथून ते स्कॅन करणे जमते. अडते ते परवानगीपाशी. आमच्या आधीच्या संपादकांनी लेखकांशी कधी लेखी करार केला नव्हता. लेख आला, छापला, लेखकाला अनुमुद्रित, म्हणजे त्या लेखापुरत्या वेगळ्या छापलेल्या, प्रती दिल्या, व्यवहार संपला. १९५७ च्या कायद्यानुसार स्वामित्वहक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते, आणि हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो. म्हणून वारसांचे पत्ते शोधून पत्रे पाठवतो आहोत. गडहिंग्लजच्या एका गृहस्थांनी परवानगीबरोबर वडिलांची अनुमुद्रित प्रत पाठवली, तिच्यावर समासात वडिलांनी स्वतः केलेल्या दुरुस्त्या होत्या. त्या आम्ही संपादकीय टीप देऊन ऑनलाइन आवृत्तीत घेतल्या. छापील अंकात हे शक्य नव्हते. दुसऱ्या एका लेखकाच्या कुटुंबाने नकार दिला, कारण त्यांना त्या लेखांचे पुस्तक काढायचे आहे आणि लेख फुकट मिळत असतील तर प्रकाशक पुस्तक घेणार नाही असे त्यांना वाटते. संकेतस्थळावर त्या लेखाच्या जागी शीर्षक, लेखकाचे नाव, पृष्ठक्रमांक आणि छापील अंक कोणत्या ग्रंथालयात पाहायला मिळेल एवढी माहिती ठेवली आहे. पुस्तक निघाले की त्यांना पुन्हा विचारायचे ठरले आहे.